ऑर्डर पुण्याची, मूल बंगळुरूत: ताब्याचा आदेश बदलून घेण्याची क्रमवार पद्धत

मे महिना उजाडला की एक फोन ठरलेला असतो. "सुट्टी लागली, पण मुलीला पाठवत नाहीत. काय करू?" ऑर्डर मागवून बघावी, तर तीत लिहिलेलं असतं: दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी चार ते सात, न्यायालयाच्या आवारात भेट. ऑर्डर झाली तेव्हा दोघंही पुण्यात होते. आता आई आणि मुलगी बंगळुरूत, वडील कोथरूडमध्ये. तीन तासांच्या भेटीसाठी आठशे-साडेआठशे किलोमीटर कोण येणार? दोन वर्षं दोघांनी फोनाफोनी करून काम भागवलं, मग एक दिवस वाजलं. आता मे महिन्यात कोर्टाचीही सुट्टी जवळ आलेली आणि हातात तीच जुनी ऑर्डर.

हा लेख अशांसाठी आहे: ताब्याचा किंवा भेटीचा आदेश आधीच झालेला आहे, आई-वडील आता वेगवेगळ्या राज्यांत राहतात आणि आदेश बदलून घ्यायचा आहे. उदाहरण पुणे-बंगळुरूचं घेतलंय. नाशिक-सुरत किंवा नागपूर-हैदराबाद असलं तरी क्रम तोच. बहुतेकांचं बिनसतं ते या क्रमातच. पायरी चारचं काम कोणीच करत नाही आणि सगळे थेट सहाव्या पायरीवर उडी मारतात.

## पायरी १: आधी ऑर्डर वाचा, आठवणीवर जाऊ नका

वकिलाकडे जाण्याआधी ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल काढा. मोबाइलमधला फोटो किंवा वेबसाइटवरून उतरवलेली प्रत वाचायला पुरते, दाखल करायला नाही. घटस्फोट संमतीने झाला असेल तर सोबत जोडलेल्या कन्सेंट टर्म्सचीही (दोघांनी सह्या करून मान्य केलेल्या अटींची) नक्कल घ्या, कारण भेटीच्या अटी बहुधा तिथेच असतात. वाचताना चार गोष्टी पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

पहिली, आदेश कोणत्या कायद्याखाली आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, विशेष विवाह कायद्याचं कलम ३८, १८९० चा पालक आणि पाल्य कायदा, की कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१? पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो. हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी दिलेला ताबा मुळातच तात्पुरता असतो आणि परिस्थिती बदलली तर त्याच कायद्याच्या कलम २५(२) खाली तिथेच बदल मागता येतो.

दुसरी, आदेश अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा, तात्पुरता) आहे की अंतिम. तिसरी, मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेण्याआधी परवानगी घेण्याची अट आहे का. आणि चौथी, पोटगीचा भेटीशी काही संबंध जोडलाय का. सहसा जोडलेला नसतो, लोक मनानेच जोडतात.

"आमचा संमतीने घटस्फोट झालाय, सह्या केल्यात, आता बदल कसा होणार?" हा प्रश्न हमखास येतो. होतो. ताब्याचा आदेश कधीच दगडावरची रेघ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितलं. २०१० च्या विक्रम वीर व्होरा प्रकरणात तर संमतीने ठरलेल्या अटीच बदलल्या गेल्या आणि तो बदल सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे अंतिम निकालानंतरही, आदेश बदलण्याचा, थांबवण्याचा, रद्द करण्याचा अधिकार कोर्टाकडे राहतो.

सावधान: परवानगीची अट असताना मुलाला आधीच दुसऱ्या राज्यात हलवलं असेल, तर ते लपवून अर्ज करू नका. उशिराने का होईना, परवानगी मागा आणि कारण सांगा. समोरच्याच्या वकिलाने ते कोर्टाला सांगितलं तर तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्याचं वजन निम्मं होतं.

## पायरी २: दार कोणतं ठोठवायचं ते ठरवा

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो इथे.

कलम २६ खाली झालेला आदेश बदलायचा तर अर्ज ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथेच जातो. म्हणजे आपल्या उदाहरणात पुण्याचं कौटुंबिक न्यायालय, आई बंगळुरूत असली तरी. "मी आता इथे राहते, म्हणून इथल्या कोर्टात" हा युक्तिवाद एवढ्यावर टिकत नाही.

दुसरं दार पालक आणि पाल्य कायद्याचं. त्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज तिथे करायचा, जिथे मूल "सामान्यतः राहतं". हे दोन शब्द साधे दिसतात, पण खटले यांच्यावरच अडतात. मूल आज कुठे आहे हा प्रश्न नाही. त्याचं रोजचं आयुष्य कुठे आहे, हा आहे. २०११ च्या रुची माजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरवायचं असं सांगितलं. दोन-तीन वर्षं बंगळुरूच्या शाळेत जाणारं मूल तिथलं मानलं जाण्याची शक्यता मोठी. सुट्टीत आणून परत न पाठवलेलं, घाईघाईने शाळेत नाव घातलेलं मूल मात्र महिन्याभरात "इथलं" होत नाही.

दोन्ही दारं एकदम वाजवू नका. पुण्यात अर्ज प्रलंबित असताना बंगळुरूत त्याच मागणीचा दुसरा अर्ज टाकला, की पहिलं वर्ष फक्त "कोणतं कोर्ट" यावर जातं. तोवर मूल एक इयत्ता पुढे सरकलेलं असतं.

मग पुण्याला येणं-जाणं खरंच झेपत नसेल तर? तेव्हा प्रकरण वर्ग करून मागायचं. एका राज्यातल्या कोर्टातून दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात प्रकरण हलवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे. राज्यातल्या राज्यात, पुण्याहून नागपूरला वगैरे, असेल तर कलम २४ खाली उच्च न्यायालय पुरतं. गोव्याची गंमत वेगळी आहे. राज्य दुसरं, पण उच्च न्यायालय एकच. गुवाहाटीसारखं सामाईक उच्च न्यायालय आपल्या हद्दीतल्या दोन राज्यांमध्ये कलम २४ खाली प्रकरण वर्ग करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. त्यामुळे पुणे-पणजी असेल तर दिल्लीचं तिकीट काढण्याआधी वकिलाला हे विचारा.

सावधान: वर्ग करण्याची याचिका ही चालू प्रकरण हलवण्यासाठी असते. खाली काहीच दाखल नसेल तर हलवायचं काय? आणि नुसती याचिका दाखल केल्याने खालच्या कोर्टातली तारीख थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत हजेरी लावायचीच.

## पायरी ३: काय बदललं ते तारखेनिशी मांडा

एक कागद घ्या, मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे ऑर्डरच्या दिवशीची स्थिती, उजवीकडे आजची. मुलाचं वय, शाळा, घरी सांभाळणारं माणूस, आई-वडिलांच्या नोकरीची वेळ, दोन घरांमधलं अंतर, तब्येत, गेल्या वर्षात प्रत्यक्ष झालेल्या भेटी. उजवीकडे जे वेगळं आहे तेवढाच तुमचा अर्ज.

ऑर्डरच्या आधीची भांडणं या कागदावर येऊ देऊ नका. सासूने काय म्हटलं, लग्नात काय झालं, हे एकदा निकाली निघालंय. दहा पानांच्या अर्जात आठ पानं जुनी असली की कामाची दोन पानं वाचताना न्यायाधीशही थकलेले असतात.

पगार वाढला, मोठा फ्लॅट घेतला, दुसरं लग्न केलं किंवा समोरच्याने केलं, हे एकेकटं फारसं चालत नाही. मुलावर त्याचा काय परिणाम झाला हे दाखवावं लागतं. चालतं ते असं: बदली, शाळा बदलणं, आजारपण, भेटी सतत हुकणं, मुलाचं वाढलेलं वय. मूल समजून-उमजून मत देण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७(३) मध्ये तशी तरतूद आहे. वयाचा ठरावीक आकडा तिथे नाही. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, ही तरतूद १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. ऑर्डर त्या आधारावर झाली असेल आणि मूल आता नऊ वर्षांचं असेल तर तो मुद्दा मांडता येतो. पण शेवटी त्याच कायद्याचं कलम १३ सगळ्यांच्या वर बसतं: मुलाचं हित.

कागद गोळा करा: जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड आणि प्रगतिपुस्तकं, फी कोणी भरली त्याच्या पावत्या, डॉक्टरांची फाइल, बदलीचा आदेश, भाडेकरार, भेटीसाठी काढलेली तिकिटं. रद्द करावी लागलेली तिकिटंही ठेवा. ती फार बोलतात. व्हॉट्सॲपचे संवाद निवडक ओळींचे स्क्रीनशॉट म्हणून नका देऊ, त्या दिवसांचा पूर्ण संवाद द्या. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग झालेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा नमुना अजून फिरतोय, तो वापरू नका.

मुलाला समोर बसवून "सांग, तुला कुठे राहायचंय" असा व्हिडिओ काढणारे दर वर्षी भेटतात. काढू नका. तो तुमच्याच विरुद्ध वाचला जातो.

## पायरी ४: वेळापत्रक आधी, अर्ज नंतर

अर्ज करणाऱ्याला बहुधा एवढंच माहीत असतं की "मला जास्त भेट हवी". कोर्टाला त्यातून आदेश लिहिता येत नाही. मग "अर्धी उन्हाळी सुट्टी, अर्धी दिवाळीची सुट्टी" असं एक ठोकळेबाज वाक्य येतं आणि पुढची भांडणं त्या वाक्यातून निघतात.

त्याचं कारण सुट्ट्या. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी असते. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याची आणि दिवाळीला जेमतेम दोन-तीन दिवस. "अर्धी दिवाळीची सुट्टी" म्हणजे बंगळुरूच्या मुलीसाठी दीड दिवस झाला! उन्हाळ्याचंही तेच. कर्नाटकात सुट्टी एप्रिलमध्ये लागते आणि मेअखेर संपत येते. आपल्याकडे ती मे ते जूनच्या मध्यापर्यंत, दिल्लीत साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. केरळात ओणम आणि नाताळ मोजावे लागतात, तमिळनाडूत पोंगल. वडिलांनी आपल्या ऑफिसात मेअखेरीची रजा टाकलेली असते आणि तिकडे शाळेची घंटा वाजलेली असते.

म्हणून मुलाच्या शाळेचं चालू वर्षाचं छापील कॅलेंडर मिळवा. मंडळाचं नाही, त्याच शाळेचं. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा आपापलं ठरवतात. त्यावर पुढच्या गोष्टी लिहून काढा.

सणाचं नाव लिहू नका, "शाळेची पाच दिवसांपेक्षा मोठी प्रत्येक सुट्टी" असं लिहा. वाटणी दिवसांत करा: सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधीपर्यंतचा काळ, सम वर्षी पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. गणपती घरचा असेल तर तो वेगळा मागा. त्या वेळी बंगळुरूच्या शाळेला मोठी सुट्टी नसते, दीड-दोन दिवसच मिळतील हे धरून चाला.

मग प्रवास. आणायला कोण जाणार, सोडायला कोण येणार, खर्च कोणाचा? सर्वांत कमी भांडण होतं ते "ज्याच्याकडे मूल जाणार तो न्यायला येईल" या पद्धतीत. विमानाने एकटं पाठवायचं असेल तर बहुतेक भारतीय कंपन्या साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी फी घेऊन सोय देतात, पण दोन्ही टोकांना नाव दिलेला मोठा माणूस ओळखपत्रासह लागतो. त्याचं नाव आदेशात घालून घ्या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणून सुट्टीच्या तारखा किमान ७० दिवस आधी ईमेलवर पक्क्या करायच्या, अशी अट मागा. हे एक वाक्य मी हल्ली प्रत्येक मसुद्यात घालतो.

शेवटी रोजचं बोलणं. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं म्हटलंय. वार, वेळ, कोणाच्या फोनवर, परीक्षेच्या दिवसांत किती, हे लिहा. "वाजवी वेळी" हा शब्द टाळा. वाजवी म्हणजे किती, यावर दोन तारखा जातात.

तपासा: हे वेळापत्रक अनोळखी माणसाला वाचायला द्या. येत्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी मूल कुठे असेल, हे त्याला तुम्हाला न विचारता सांगता आलं पाहिजे.

## पायरी ५: समोरच्याला एक पत्र

तोच मसुदा ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. भाषा सरळ ठेवा. हे पत्र पुढे कोर्टात जोडलं जाणार आहे. पटलं तर दोघांनी मिळून मूळ कोर्टात संयुक्त अर्ज करून त्याचा आदेश करून घ्या.

नेहमीची चूक: पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलं आणि झालं, असं समजणं. कोर्टाचा आदेश कोर्टच बदलतं. नोटरीच्या कागदावर विसंबून वर्षभर पैसे कमी दिले किंवा मूल हलवलं, तर भांडण झाल्यावर जुनी ऑर्डर जशीच्या तशी उभी राहते.

## पायरी ६: मुख्य अर्ज आणि अंतरिम अर्ज, एकाच दिवशी

मुख्य अर्जात मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख, बदललेली परिस्थिती, वेळापत्रक, आणि विनंती कलमात नेमकं मागणं. एका विनंतीत एकच गोष्ट. ताबा बदलून मागत असाल तर पर्यायी विनंती म्हणून वाढीव भेट मागायला विसरू नका, नाहीतर ताबा नाकारला की हात रिकामेच.

मुख्य अर्ज निकाली निघायला वेळ लागतो. म्हणून येत्या सुट्टीपुरता अंतरिम अर्ज सोबतच द्या. बंगळुरूची एप्रिलची सुट्टी हवी असेल तर अर्ज जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवा. नोटीस परराज्यात बजावायची, म्हणणं यायचं, युक्तिवाद व्हायचा, याला दोन महिने सहज जातात.

मुलाच्या पोटगीतही बदल मागत असाल तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र जोडा. ते नसलं की पहिली तारीख फुकट.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीने उभा राहतो. त्यासाठीचा अर्ज वकीलपत्रासोबत द्यावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सेवा मिळते. क्रमांक १५१००.

सावधान: अर्ज दाखल झाला म्हणजे जुना आदेश थांबला असं नाही. "पोटगी देत नाही म्हणून भेट नाही" आणि "भेट नाही म्हणून पोटगी नाही", दोन्ही बाजू हेच करतात आणि दोघंही अवमानाच्या टप्प्यात येतात.

## पायरी ७: नोटीस आणि तारखा

परराज्यातली बजावणी पत्त्यावर अडते. पिनकोड, सोसायटीचं नाव, ऑफिसचा पत्ता, ईमेल, मोबाइल, सगळं द्या, आणि ईमेल व व्हॉट्सॲपवर बजावण्याची परवानगी पहिल्याच दिवशी लेखी मागा. "घर बंद" असा शेरा मारून नोटीस परत आली की महिना गेला.

प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि ई-कोर्ट्स ॲपवर तारीख स्वतः बघा. दूर राहणाऱ्याने व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याचा अर्ज तारखेच्या आधी द्यावा. सकाळी उठून लिंक मागू नये. समुपदेशन आणि मुलाची भेट यांसाठी मात्र प्रत्यक्ष बोलावलं जाण्याची तयारी ठेवा, आणि बाहेरगावाहून येताय तर ही दोन कामं लागोपाठच्या दिवशी लावून मागा. मिळतात.

## पायरी ८: समुपदेशकांसमोर आणि न्यायाधीशांच्या दालनात

विवाह समुपदेशकांना तुमचा खटला ऐकायचा नसतो, मुलाचा दिवस ऐकायचा असतो. सकाळी डबा कोण करतं, गणित कोण घेतं, जिवलग मैत्रिणीचं नाव काय. दूर राहणाऱ्या पालकाला हे येत नसेल तर ते शिकून घ्या. शाळेच्या शिक्षक-पालक सभेला ऑनलाइन हजर राहायची सोय मागा.

न्यायाधीश मुलाशी दालनात एकट्याने बोलतात. जाताना मुलाला एवढंच सांगा की तिथे खरं बोललं तरी कोणी रागावणार नाही. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत कळतं. सात वर्षांचा मुलगा "माझ्या सर्वांगीण विकासासाठी" म्हणाला की समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नाही.

## पायरी ९: नवी ऑर्डर हातात आल्यावर

त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. ऑर्डर मान्य नसेल तर अपिलाची मुदत मोजायला लागा. कौटुंबिक न्यायालय कायद्यात ती ३० दिवस आहे. हिंदू विवाह कायद्यात ९० दिवसांची तरतूद असली तरी तिच्यावर विसंबून बसू नका. अंतरिम आदेशावर सहसा अपील चालत नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

समोरचा पाळत नसेल तर पोलिस ठाण्यात जाऊन फारसं काही होत नाही. "कोर्टाचं आहे, कोर्टात जा" हेच ऐकायला मिळतं. रस्ता दरखास्तीचा, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जाचा आहे. पुण्याच्या कोर्टाला आपल्या हद्दीबाहेर राहणाऱ्याविरुद्ध थेट अंमलबजावणी सहसा करता येत नाही, म्हणून दरखास्त बंगळुरूच्या कोर्टाकडे पाठवून मागावी लागते. अवमानाचा अर्ज करायचा तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. प्रत्येक हुकलेल्या भेटीची तारीख, वेळ आणि त्या दिवशी पाठवलेला संदेश एका वहीत नोंदवा.

आणि एक नक्कल शाळेच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. शाळा सुटल्यावर मुलीला न्यायला कोण येऊ शकतं, ती यादी शाळा तोंडी सांगून बदलत नाही.